काचेतले आप्पा

गाड्यांना वाचा होती त्या काळी घाटाच्या पायथ्याशी टायरांचं एक दुकान होतं. तिथे काचेच्या कपाटात एक भारीतला टायर सात वर्षं नुसता बसून होता, तरी वयामुळे सगळे त्याला आप्पा म्हणत. दारातल्या ढिगावर नुकताच आलेला, साध्या कंपनीचा धाकलू होता. आपणही इथेच बसून सुकणार, ही एकच धास्ती त्याला होती.

एके दिवशी रोज घाट चढणारी सेडान आली. तिचे चारही टायर गुळगुळीत झाले होते. "स्वस्त हवेत, पण टिकाऊ," ती म्हणाली.

"मला घे, पोरी. निम्म्या किमतीत देतायत," आप्पा म्हणाले. "या कालच्या पोरांना काय कळतंय? मी आयुष्यभर रस्ता बघितलाय."

"काचेतून," धाकलू म्हणाला.

"मोठ्यांशी असं बोलतात?"

"ताईला घाट उतरायचाय, आप्पा. तुमच्या कडेला भेगा पडल्यात, तेवढं तरी सांगा तिला."

सेडानने आप्पांच्या अंगावरची बनवल्याची तारीख वाचली, भेगा पाहिल्या आणि ती ढिगाकडे वळली. त्याच दुपारी धाकलू तिघा भावांसह घाट चढला.

दोन वर्षांनी ती हवा भरायला थांबली. धाकलूच्या खाचांत चिखल होता. आप्पा दुकानाबाहेर खांबाला टांगलेले होते, अंगावर पांढऱ्या रंगात 'पंक्चर' लिहिलेलं.

"घाट कसा चढायचा, ते मला विचारा," ते नव्या टायरांना सांगत होते.

नव्यांतला एक जण मात्र धाकलूच्या चिखलाकडे बघत होता.