हळदीच्या गावातला पिवळेपणा

गुरुशांत महाराज कृष्णाकाठच्या वाळेगोंडीत मुक्कामाला होते, तेव्हाची ही गोष्ट. भाविकहो, ते गाव हळदीचे! हंगामात काठावर काहिलींखाली जाळ पेटे, त्या मोठाल्या कढयांत हळद शिजू लागे, वाफेत नदी अर्धी दिसे, अर्धी विरून जाई आणि कोपरापर्यंत पिवळी झालेली माणसे झोपेत चालल्यासारखी वावरत.

तिथल्या चंपाक्काचा नवरा भीमगोंडा दिवसा पेंगे, रात्री टक्क जागा राही. हातपायांच्या काड्या, पोट मात्र घागरीएवढे. पाऊल दाबले की बोटाचा खळगा तसाच राही. डोळे पिवळे. तीन दिवसांपासून तर तो बायकोलाच ओळखेना.

धाकटा दीर पायगोंडा, मोठा बागायतदार आणि तोंडाचा फटकळ, चारचौघांत हसला, "वैनी, हंगामात पिवळं कोण नसतंय? पोट सुटलंय ते सुखानं! दादाला काहिलीवर धाडा, सुस्ती पळंल."

चंपाक्का रडत महाराजांकडे आली. "चार महिने सांगतीया, मला दिसतंय ते कुणालाच दिसंना. मीच येडी का, महाराज?"

महाराज म्हणाले, "माउली, अंथरूण घालणाऱ्याला दिसतं ते पारावरच्यांना दिसत नाही. दोघा भावांना नदीवर आण."

भीमगोंड्याला बाजेवरून आणले. महाराजांनी ओंजळभर पाणी दोघांवर शिंपडले. आणि काय सांगावे! पायगोंड्याच्या अंगावरची हंगामभराची हळद क्षणात उतरली. भावाचा पिवळेपणा आतला. तो तसाच राहिला. महाराजांनी त्याला हात पुढे धरायला लावले, तर तळवे पाखरासारखे फडफडले.

पायगोंड्याचे तोंड उतरले. "वाचवा माझ्या दादाला!"

"फार उशीर झाला, बाळा. यकृत थकलं, तो निघालाय. वैद्याला बोलाव, जिवाला आराम पडेल. पण ओळख दिल्यावाचून तो जायचा नाही."

महाराजांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला. भीमगोंड्याने सावकाश डोळे उघडले.

"चंपे, जेवलीस का गं?"

चंपाक्काने तोंडाला पदर लावला. पायगोंडा महाराजांच्या पायांवर कोसळला, तसे महाराजांनी पाय मागे घेतले. "चार महिने जी खरं सांगत होती, तिच्यापुढे वाक."

साऱ्या गावादेखत तो वहिनीच्या पायांशी वाकला. "मी हसलो नसतो तर दादाला आधीच वैद्याला दाखवलं असतं, वैनी."

चंपाक्का म्हणाली, "उठा, भावजी. ते बोलत्यात तोवर जवळ बसा."