क्ष नावाची अक्का

"...पण सगळं जुळतंय, तर मग ती अक्काच नाही का, बुवा?"

यशोधनने पुन्हा तेच विचारलं. सिद्धबुवा मठाच्या ओट्यावर वालाचं बिरडं सोलत बसले होते. एके काळी तेही प्रोग्राम लिहीत. यशोधन त्यांच्याच हाताखाली शिकला, आणि पुढे आपल्यासारखा कुणी नाही असं त्याला वाटू लागलं. हुशार होताच म्हणा.

त्याला थोरल्या बहिणीने, अक्काने वाढवलं. ती गेल्या वर्षी गेली. तिचं सगळं बोलणं, सगळे निरोप घालून त्याने एक प्रोग्राम केला होता. जुनं काही विचारलं, की अक्काने दिली होती तीच उत्तरं यायची. "जेवलास का रे?" हेसुद्धा.

"प्रोग्रामात नाव काय दिलंस तिला?" बुवांनी विचारलं.

"...क्ष."

दुसऱ्या कुणी असं नाव दिलं असतं, तर यशोधनने त्याची सालटी काढली असती. वस्तू जी आहे तेच नाव तिला द्यावं, हा बुवांचा पहिला धडा.

"अक्का का नाही?"

"लिहवलं नाही."

बुवांनी परात बाजूला सारली. दोन नावं एकाच वस्तूची आहेत, की दोन सारख्या वस्तूंची, हे कसं ओळखायचं, असं त्यांनी विचारलं. यशोधनने पाढा म्हणावा तसं सांगितलं. एका नावाने बदल करायचा, दुसऱ्या नावाने तो दिसतो का पाहायचं. दिसला तर वस्तू एकच.

"घरी नवीन काय?"

"मुलगी झाली."

"क्षला सांगितलंस?"

"सांगितलं. हरखली. अगदी अक्कासारखी..."

"आणि अक्काला कळलं?"

यशोधनचं मूल मांडीवर घ्यायचं, एवढीच अक्काची हौस राहिली होती. त्याला तिची इतकी आठवण आली, की तो तिथेच ओक्साबोक्शी रडला. बुवांनी त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले. मुलीला अक्काचं, शालन हे नाव ठेवायचं मनात होतं, म्हणाला.

"आता ठेवू... की नको?"

"ठेव की," बुवा म्हणाले. "फक्त हाक मारशील तेव्हा पोरीच्या तोंडाकडे बघून मार."