खैराची वीणा

फार फार पूर्वीची गोष्ट आहे. मुलांनी ऐकावी, आणि मोठ्यांना वेळ असेल तर त्यांनीही शेजारी येऊन बसावं.

समुद्राला लागून एक राज्य होतं. तिथल्या राजधानीत रायाजी नावाचा एक वीणा घडवणारा कारागीर राहत असे. त्या देशातल्या वीणेला पडदे नसत. वीणेच्या गळ्यावर लाकडाची एक लांब, अरुंद पट्टी बसवायची आणि वाजवणाऱ्याने तार थेट त्या पट्टीवर दाबायची, अशी तिची रचना होती. भोपळा कितीही चांगला असो, तारा कितीही चांगल्या असोत, पट्टी मऊ निघाली की तारेने तिच्यावर चर पडत आणि सूर चिरका येई. म्हणून रायाजी सगळ्यात जास्त जपायचा तो या पट्टीला.

पट्टीसाठी काळं लाकूड लागे. ते दूरच्या एका बेटावरून गलबतात भरून येई. रायाजीच्या वडिलांनी तेच वापरलं, आजोबांनीही तेच. वीणेचा गळा काळाच असायचा, असं सगळे धरून चालले होते.

त्या वर्षी येणूअक्कांनी नवी वीणा सांगितली. येणूअक्का म्हणजे राज्यातल्या सर्वांत थोर वादक. त्या वाजवायला बसल्या की दरबारातले पहारेकरीसुद्धा भाले भिंतीला टेकवून ऐकत उभे राहत. आता मात्र त्यांचं वय झालं होतं. बोटांची पेरं आखडू लागली होती.

त्या रायाजीला म्हणाल्या, "माझी जुनी वीणा आता दाबून वाजवावी लागते. तेवढा जोर हातात राहिलेला नाही. हलक्या बोटाला बोलेल अशी एक करून दे. ही माझी शेवटचीच."

रायाजी म्हणाला, "अक्का, तुमच्यासाठी जीव ओतून करीन."

गलबत आलं. रायाजीने मनाजोगा ओंडका निवडला, घरी आणला, ओल्या फडक्याने पुसला. फडकं काळं झालं. त्याने रंधा मारला. वरची काळी साल निघाली आणि खाली पिवळसर, कोवळं लाकूड दिसलं. कोणीतरी काजळी चोळून त्याला म्हातारं केलं होतं.

तो ओंडका खांद्यावर टाकून तो तडक धक्क्यावर गेला. गलबताचा तांडेल दोर गुंडाळत बसला होता. रायाजीने ओंडका त्याच्यापुढे ठेवला.

तांडेलाने मान खाली घातली. "मी बेटावर पहिल्यांदा गेलो तेव्हा डोंगर काळ्या झाडांनी भरलेला होता," तो म्हणाला. "सगळ्या देशांच्या वीणांना तेच लाकूड हवं. तोडत गेले, तोडत गेले. आता डोंगर बोडका आहे. पोरवयाची झाडं कापतात आणि रंगवून देतात. जुनं लाकूड मागू नका रायाजी. ते संपलं."

रायाजी घरी आला आणि बराच वेळ त्या ओंडक्याकडे बघत बसला. रंगवलेली पट्टी बसवली असती तर पहिलं वर्षभर कोणाला कळलं नसतं. पुढे अक्कांच्या घामाने रंग उतरला असता आणि तारेने चर पाडले असते. पण तोपर्यंत अक्का वाजवत असत्या की नाही, कोण जाणे. हा विचार मनात आला आणि रायाजीला स्वतःचीच शरम वाटली. त्याने ओंडका फोडून चुलीला घातला.

दुसऱ्या दिवसापासून तो आपल्याच मुलखातली लाकडं हातात घेऊन पाहू लागला. सागावर नख दाबलं तर नखाची खूण उठली. बाभूळ घट्ट होती, पण उन्हात ठेवताच तडकली. चिंचेचा गाभा सुरेख काळपट निघाला, पण त्याला आतून कीड लागलेली होती. शेजारचे हसत. "आता पाटा-वरवंट्याची वीणा करतोस का?" असं विचारत. रायाजीही त्यांच्याबरोबर हसे आणि पुढचा तुकडा उचले.

एकदा तेल आणायला तो घाण्यावर गेला. बैल फिरत होता, घाण्याची लाट, म्हणजे जाड लाकडी दांडा, उखळीत घुमत होती. ती लाकडाची लाट घासून घासून झिजायला हवी होती. ती उलट आरशासारखी चकाकत होती. रायाजीने तिच्यावरून तळहात फिरवला. कुठे खाच नव्हती, कुठे कुसळ नव्हतं.

"कशाची आहे ही?" त्याने तेल्याला विचारलं.

"खैराची. माझ्या बापाच्या वेळची," तेली म्हणाला.

खैर म्हणजे पूर्वेच्या खडकाळ माळावरचं काटेरी, वेडंवाकडं झाड. त्याचा कात काढत, मुसळं करत, नांगराचे भाग करत. वीणेसाठी त्याच्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं. रायाजीने एक ताजा ओंडका मिळवला. त्यावर रंध्याचं पातं दोनदा बोथट झालं. पण पट्टी तयार झाली तेव्हा तिचा रंग पिकल्या जांभळाच्या आतल्या बाजूसारखा होता, आणि तिचा एक कपचा पाण्यात टाकला तो दगडासारखा बुडाला. रायाजीचं मन भरून आलं. त्याने वीणा जुळवली आणि अक्कांकडे नेली.

अक्कांनी तार छेडली. पहिला सूर गोड आला. दुसऱ्या सुराला तार कुरकुरली. अक्कांनी वीणा डोळ्यांसमोर आडवी धरून पाहिली. पट्टी केसभर वाकली होती.

रायाजीचा चेहरा उतरला. "अक्का, मी चुकलो. मला माफ करा."

"चुकला आहेस," अक्का म्हणाल्या. "पण पहिला सूर मी ऐकला आहे. असा सूर काळ्या लाकडातून मला कधी मिळाला नाही. परत कर. मी थांबते."

"तुमचा हात…"

"माझ्या हाताची काळजी मी करीन. तू लाकडाची कर."

मग रायाजी स्वतः पूर्वेच्या माळावर गेला. तिथे ठकूबाई नावाची एक म्हातारी कात पाडायची. मोठ्या मडक्यांत खैराच्या ढलप्या उकळत होत्या आणि धुराने तिचे डोळे लाल झाले होते. रायाजीने वाकलेली पट्टी तिला दाखवली आणि सगळी हकिकत सांगितली.

ठकूबाईने पट्टी उलटसुलट केली. "दादा, हे लाकूड जिवंत असताना तोडलेलं आहे. त्याच्या अंगात पाणी होतं. पाणी गेलं तसं ते वळलं."

"मग मावशी, वाळवायचं तरी किती?"

ती उठली आणि त्याला माळाच्या टोकाला घेऊन गेली. तिथे एक खैर उभा होता. पान नाही, साल नाही. किती तरी उन्हाळे त्याने तसेच उभ्याने काढले होते.

"हे उभ्या जागी मेलेलं झाड आहे," ठकूबाई म्हणाली. "याचा कात बरा उतरत नाही, म्हणून आम्ही हात लावत नाही. ऊन, वारा, थंडी सगळं याने सोसून झालंय. आता याला वळायचं काही उरलेलं नाही. असं झाड माळावर क्वचितच सापडतं. हे घे. बाकीची राहू दे."

रायाजीने त्या झाडाला हात जोडले आणि मगच करवत लावली.

या वेळी त्याने घाई केली नाही. पट्टी कापली आणि ठेवून दिली. पुन्हा पाहिली, पुन्हा ठेवून दिली. ती सुतासारखी सरळच राहिली. त्याने तिला जवसाचं तेल पाजलं, मऊ कापडाने घासलं. तांबड्या रंगात काळसर रेघा उमटल्या. मित्र म्हणाले, "वरून काळी तरी कर. दरबारात तांबडी पट्टी शोभायची नाही." रायाजी म्हणाला, "तिचा रंग तिचा आहे. तो झाकायला मी कोण?"

वसंतोत्सवात अक्का दरबारात वीणा घेऊन बसल्या. तांबडा गळा पाहून कुजबुज झाली. अक्कांनी आखडलेलं बोट तारेवर नुसतं टेकवलं. सूर असा उमटला की कुजबुज थांबली. त्यांना जोर करावा लागत नव्हता. बोट जिथे जाई तिथे सूर आधीच येऊन उभा असल्यासारखा वाटे. वाजवता वाजवता अक्का हसल्या, आणि ते हसू पाहून रायाजीला खांबाआड तोंड फिरवावं लागलं.

वादन संपल्यावर राजाने रायाजीला पुढे बोलावलं. "हे लाकूड कोणत्या देशाचं?"

"आपल्याच पूर्वेच्या माळावरचं, महाराज. खैर आहे."

राजा आनंदला. "आपल्याच घरात एवढं धन होतं आणि आपण गलबतांची वाट पाहत होतो! प्रत्येक देवळात, प्रत्येक वाड्यात अशी वीणा हवी. माळावरचे सगळे खैर तोडायला आजच माणसं पाठवतो. तू कामाला लाग."

दरबारातले सगळे रायाजीकडे कौतुकाने पाहू लागले. एवढा मान कोणत्याही कारागिराला मिळाला नव्हता. रायाजीने मात्र हात जोडले.

"महाराज, माझ्याकडून ते होणार नाही. हिरव्या खैराची पट्टी वळते, ते मी करून पाहिलं आहे. वीणेला उभ्याने वाळलेलं झाड लागतं, आणि अशी झाडं क्वचित असतात. सगळे खैर तोडले तर वाळायला उभं कोण राहील? काळ्या लाकडाचा डोंगर असाच बोडका झाला. त्या बेटाकडे आता फक्त काजळी उरली आहे."

राजाच्या कपाळावर आठी पडली. "झाडं माझी आहेत."

तेव्हा येणूअक्का म्हणाल्या, "महाराज, वीणाही तुमच्याच दरबारची आहे. मी तिच्यासाठी थांबले. माझ्यापाशी तुमच्याहून कमी दिवस आहेत, तरी थांबले. थांबल्याचं मला वाईट वाटलं नाही."

राजा अक्कांच्या जवळ येऊन बसला आणि त्याने पट्टीवरून बोट फिरवलं. शेवटी त्याने रायाजीला विचारलं, "मग माझी वीणा कधी होईल?"

"एखादं झाड तयार झालं की, महाराज."

राजाने हुकूम बदलला. वीणेसाठी हिरव्या खैराला कोणी करवत लावायची नाही, आणि कोणतं झाड घ्यायचं ते माळावरच्या लोकांनी सांगायचं. राजाची वीणा झाली तोवर त्याच्या दाढीत पांढरे केस आले होते, पण ती वीणा त्याच्या नातवंडांनीही वाजवली. अक्कांनी आपल्या वीणेवर आणखी काही वसंत वाजवलं आणि जाताना ती आपल्या शिष्येच्या मांडीवर ठेवली.

पुढे इतर देशांतले कारागीर खैर मागायला येऊ लागले. रायाजी त्यांना जेवू घाली, आपली पट्टी हातात देई आणि म्हणे, "आता घरी जा आणि तुमच्या रानातली झाडं ठोकून पाहा." काही रागावून गेले. काहींनी मात्र तसं केलं, आणि कोणाला तिवस सापडला, कोणाला अंजन. प्रत्येक देशाच्या वीणेचा गळा वेगळ्या रंगाचा झाला आणि प्रत्येकीचा सूर वेगळा झाला.

तात्पर्य : आपल्या मातीत काय आहे ते ओळखावं, आणि ओळखल्यावर ती जेवढं देईल तेवढंच घ्यावं.