पुडी ओळखा, सरकार!

शेंदूरगडचे जहागीरदार मल्हारजीराव पोटदुखीने वाळत चालले होते, पण हेका सुटेना. वैद्य आला की नाडीसाठी मनगट पुढे करायचे आणि तोंड शिवल्यासारखे गप्प बसायचे. वैद्याचा अंदाज चुकला की भर बैठकीत त्याची टिंगल. अहो, पोट तुमचं, कळा तुमच्या, आणि परीक्षा वैद्याची?

शेवटी सगुणाबाई नावाच्या वैद्यीणबाई आल्या. "काय खाल्लंत? कळ कुठे येते?"

"खऱ्या वैद्याला विचारावं लागत नाही," मल्हारजीराव हसले. बैठकही हसली.

सगुणाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन पुड्या समोर ठेवल्या. "एकीने जुलाब थांबतात, दुसरीने होतात. खऱ्या रोग्यालाही विचारावं लागत नाही. घ्या ओळखून!"

जहागीरदारांचा हात या पुडीवरून त्या पुडीवर गेला आणि तसाच मागे आला. तेवढ्यात पोटात कळ उठली. त्यांनी बैठकीला बाहेर घालवलं आणि हळूच म्हणाले, "बाई, एका बैराग्याने दिलेलं भस्म गुपचूप खातोय."

दोन्ही पुड्या उचलत सगुणाबाई कडाडल्या, "आधी ते भस्म उकिरड्यावर टाका! आणि सरकार, हे नाडी सांगत नाही. हे तोंडानेच सांगावं लागतं."