दोन दांड्यांचं छत्र

एका राज्यात कुणालाच स्वतःची सावली नव्हती. राजवाड्याला नव्हती, गाढवांना नव्हती, आणि राणी केतकीला तर जन्मापासून नव्हती. तुम्ही म्हणाल, असं कसं? अहो, अख्खं राज्यच एका भल्यामोठ्या सावलीत बसलेलं, मग आपापली वेगळी सावली आणायची कुठून!

त्याचं असं झालं. राज्य होतं समुद्रकाठच्या मिठागरांचं. उत्तरेकडून अग्निपक्षी यायचे आणि चोचीतले निखारे टाकून घरं पेटवायचे. केतकीचे वडील बिचारे घाबरले आणि पूर्वेच्या डोंगरावरच्या जादूगार राजा घनपालापुढे त्यांनी हात जोडले. घनपालानं आपलं काळं छत्र उघडलं, ते सगळ्या राज्यावर पसरलं, आणि दांडा मुठीत धरून तो शिखरावर उभा राहिला. त्या दिवसापासून अग्निपक्षी यायचे थांबले. ऊनही यायचं थांबलं.

उन्हावाचून मीठ कसं पिकणार? मिठागरांत नुसतं खारं पाणी साचून राहिलं. पापड वाळेनात, मासळी वाळेना. त्यात घनपालाची जराशी मर्जी फिरली की तो दांडा गरगरा फिरवी आणि खाली वादळ उठे. राखणीचं छत्र राज्याला शापासारखं चिकटलं. लोक होड्यांत बिऱ्हाडं भरून निघून जाऊ लागले. रोज सकाळी केतकी गच्चीतून रिकामी घरं मोजायची. असंच चाललं तर राणी उरणार होती, राज्य उरणार नव्हतं.

एके दिवशी समुद्रावरून एक खंड्या आला आणि थेट सिंहासनाच्या हातावर बसला. त्याला माणसांची भाषा येत होती, रीतभात येत नव्हती.

"बाईसाहेब, समुद्रापलीकडच्या बेटावर राजा अर्णवसेन आहे. त्याच्याकडेही छत्र आहे. पांढरंशुभ्र!"

झालं! दरबारात एकच कल्ला. अर्धे म्हणाले, डोंगर जवळचा, डोंगराशीच राहू. अर्धे म्हणाले, पांढरं आणा, पांढरं! म्हातारा प्रधान सुमंत दोन्हीकडे मान डोलावून डोलावून दमला.

"काळी सावली जाऊन पांढऱ्या छत्राची आली, तर मीठ पिकेल का?" केतकीनं विचारलं.

खंड्या म्हणाला, "ज्यानं काळं छत्र मागितलं, त्याच्या रक्ताचं माणूस तोंडानं 'नको' म्हणेल, तेव्हाच ते मिटेल. पण आधी दोघा राजांना तीन प्रश्न विचारा. दांडा कोणाच्या हातात? आग नसेल तेव्हा छत्र मिटणार का? आणि आम्ही 'नाही' म्हटलं तर?"

केतकी डोंगर चढून गेली. घनपालाच्या सेवकांनी तिच्यापुढे ताट वाढलं. तिनं तिन्ही प्रश्न विचारले.

"दांडा माझ्या हातात. छत्र मिटायचं नाही. आणि मला नाही म्हणणारा अजून जन्मायचाय," घनपाल म्हणाला. "श्रीखंड घे."

केतकीनं श्रीखंड खाल्लं. चांगलं होतं, त्याला काय करणार! मग ती मुकाट्यानं खाली उतरली आणि होडीत बसली. वाटेत एक देवमासा भेटला, त्यानं होडी पाठीवर घेतली आणि दिवस मावळायच्या आत पलीकडे पोचवली.

अर्णवसेन मोठ्या मिशांचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा. त्यानं केतकीला राजांच्या पंगतीत जेवायला बसवलं.

"दांडा कोणाच्या हातात?" केतकीनं विचारलं.

"हे काय विचारणं झालं? छत्र माझं, दांडाही माझाच!"

"मग नको," म्हणून केतकी पाटावरून उठली.

पंगतीतल्या राजांचे घास हातातच राहिले. अर्णवसेन लालबुंद झाला. आणि मग असा हसला, असा हसला, की मिशा थरथरल्या.

"बस राणी, बस! माझ्या पंगतीला एवढे राजे बसतात आणि सगळे नुसते हो ला हो करतात. मिठावाचून माझ्या बेटावर मासळीचे ढीग कुजले, तेसुद्धा कुणी सांगितलं नाही. मला वासावरून कळलं! बोल, तुझं म्हणणं काय?"

"कापड तुमचं, काड्या आमच्या. दांडे दोन, एक तुमच्या किनाऱ्यावर, एक आमच्या. दोघांनी उचलले तरच छत्र उघडेल, एकानं खाली ठेवला की मिटेल. आग तुमच्यावर आली तरी आम्ही उचलू."

"आणि मीठ?"

"ऊन मिळालं की मीठ."

तसं छत्र तयार झालं. मग केतकी पुन्हा डोंगर चढली. घनपालासमोर उभी राहिली आणि बोलली.

"महाराज, आजवर राखलंत, उपकार आहेत. आता नको."

काळं छत्र फडफडलं आणि मिटत मिटत हातरुमालाएवढं झालं. घनपाल आपल्या मुठीकडे बघत राहिला. वर्षानुवर्षं मिटलेली मूठ, एकेक बोट हळूहळू उघडलं.

"हात फार अवघडला होता गं पोरी," तो म्हणाला आणि मटकन खाली बसला.

पण उत्तरेला अग्निपक्ष्यांनी मोकळं आभाळ पाहिलं होतं! ते थव्यानं निघाले. केतकी धावत किनाऱ्यावर आली आणि तिनं दांडा उचलला. काहीच उघडलं नाही. पहिले निखारे गवताच्या छपरांवर पडले.

"घात झाला, बाईसाहेब!" सुमंत ओरडला. "डोंगरही गेला आणि समुद्रही!"

केतकीनं दांडा खाली ठेवला नाही. "उचला हो अर्णवसेन, उचला," ती पुटपुटत राहिली. इतक्यात समुद्राच्या कडेवर एक पांढरी रेघ दिसली. ती मोठी होत होत लाटांवरून आली आणि डोक्यावर छत्र लख्ख उघडलं! पलीकडे अर्णवसेन भरल्या ताटावरून उठून उष्ट्या हातानंच धावला होता. निखारे छत्रावर पडून विझले आणि अग्निपक्षी माघारी फिरले ते कायमचेच.

केतकीनं दांडा खाली ठेवला. छत्र मिटलं आणि मिठागरांवर ऊन पडलं.

"अगं बाई! हे काळं काय माझ्या पायाशी?" ती किंचाळली.

"सावली आहे, बाईसाहेब," सुमंताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तुमची स्वतःची."

केतकीनं एक हात वर केला, सावलीनंही केला. मग काय, राणी नाचली, प्रधान नाचला, गाढवंसुद्धा आपल्या सावल्यांना बघून उधळली. गेलेल्या होड्या परत फिरल्या. पुढे मीठ पिकलं, तेव्हा पहिलं पोतं समुद्रापलीकडे गेलं. दुसरं गेलं घनपालाच्या लोणच्याला, कारण डोंगर काही उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही.

अशी ती कहाणी, मिठाइतकीच जुनी. सकाळी केतकीची सावली समुद्राकडे लांबायची, संध्याकाळी डोंगराकडे. पाय मात्र दोन्ही वेळेला तिच्याच मिठागरात असायचे.