दगडू कुठाय?

“आणि ह्यो शत्रू थांबतो व्हय?” आबांनी विचारलं.

“थांबतो की. तुमची चाल पुरी होईपर्यंत तो जागचा हलत नाही.”

“मी च्या प्यालो तरी?”

“चहा प्या, जेवून या, दुपारची झोप काढा. तो थांबणारच.”

आबांनी चष्मा वर सारला. लॅपटॉपच्या पडद्यावर लाल टोपीवाला शत्रू बंदूक रोखून उभा होता. आबा त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिले.

“लई गुणाचा हाय...” ते म्हणाले.

आबा म्हणजे सुभेदार रंगराव महाडीक. वय ऐंशीला टेकलेलं, पाठ अजून ताठ. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. सुट्टीवर आला की जो तो पारावर बसून तोफा डागतो. आबा एकटेच असे, की जे खरोखरीच्या लढाईतून परत आले आणि तिच्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.

आणि मी धैर्यशील. तेव्हा मी स्वतःला फार शहाणा समजत होतो.

पुण्यात आम्ही तिघांनी मिळून एक खेळ बनवला होता. रुबीनानं चित्रं काढली, केतननं शत्रूचं डोकं चालवलं, बाकी सगळं मी. चौकोनांचं मैदान, आपले आठ सैनिक. आधी आपण चाली करायच्या, मग शत्रूनं. बुद्धिबळासारखंच, फक्त इथल्या प्याद्यांना चेहरे होते.

चार वर्षं घातली त्यात. आणि झालं काय, तर जो खेळेल तो “मस्त आहे” म्हणायचा, एकदा खेळायचा आणि पुन्हा म्हणून हात लावायचा नाही. महिनाअखेरीला खेळ बाजारात यायचा होता. रुबीनानं स्पष्टच सांगितलं होतं, हा पडला तर ती सामान बांधून नागपूरला घरी जाणार.

म्हणून मी आबांकडं आलो होतो. सल्ला मागायला, असं मी घरी सांगितलं. खरं तर मला त्यांची सही हवी होती. एका कागदावर मधोमध रेघ मारून डावीकडं गुण आणि उजवीकडं दोष, असं लिहून आणलं होतं. डावी बाजू मीच भरली होती. जाहिरातीत काय शोभलं असतं, ‘खऱ्या सुभेदारानं नावाजलेला खेळ’!

“चल, लाव,” आबा म्हणाले.

त्यांनी बोटानं दाखवायचं आणि मी चाल द्यायची, असं ठरलं.

पण आबा सुरुवातच करेनात. पडद्याला नाक लावून काहीतरी वाचत बसले.

“काय बघताय?”

“नावं बघतोय. लई बारीक लिवलीयत रं.”

सैनिकांना नावं देण्याचा हट्ट रुबीनाचा. मला तो पोरखेळ वाटायचा, म्हणून मी ती कोपऱ्यात ढकलली होती. आबांनी आठही नावं मोठ्यानं वाचली. मग म्हणाले, “हां. आता चला.”

मोहीम सोपी होती. ओढ्यावरचा एक पूल, पलीकडं शत्रूचं ठाणं. आठ जणांनी पूल ओलांडून ठाणं घ्यायचं.

“दगडू, त्या भिताडाआड. गोविंदा, तू खाली झोप. उठू नगंस.”

मी भराभर चाली देत होतो. म्हातारा एकेक सैनिक हलवायला एवढा वेळ घेत होता, की आतून आलेला चहा तसाच गार झाला.

मग गोविंदानं गोळी झाडली. पडद्यावर नेम लागण्याचा आकडा होता, पंचाण्णव टक्के. गोळी चुकली.

मी कपाळावर हात मारला. “याच्यावरून लोक फार शिव्या घालतात आबा. हा आमचा दोष. मी लिहूनच ठेवलाय.”

आबा हसायला लागले. इतके हसले, की ठसका लागला आणि सुनेनं आतून येऊन पाठ चोळली.

“अरं लेका... एवढंच तर खरं केलंयस तू!” डोळे पुसत ते म्हणाले. “खोड ते.”

मी खोडलं. मला काय, एक दोष कमी झाला.

“आणि शत्रू थांबतो, ते मी गुणांत लिहिलंय,” मी म्हणालो. “विचार करायला हवा तेवढा वेळ.”

“गुणच हाय त्यो. मोठा गुण हाय.” आबा थांबले. “माणूस पुढं धाडायच्या आधी इचार करायला वेळ... आमास्नी कुणी दिला न्हवता. तू देतोयस. देव तुझं भलं करो.”

हे त्यांनी इतक्या मनापासून म्हटलं, की मला एकदम अवघडल्यासारखं झालं. मी सहीसाठी पेन काढायला लागलो होतो, ते तसंच खिशात ठेवलं.

तिसऱ्या फेरीत शत्रूची मशीनगन सुरू झाली. पुलावर सात जण, भिंतीआड दगडू एकटा.

“दगडू तितंच ऱ्हाऊ दे,” आबा म्हणाले. “त्येनं गनचं तोंड दाबून धरलं तरच बाकीचं पार हुतील.”

दगडूनं तोंड दाबून धरलं. सातही जण पलीकडं गेले. मग शत्रूचा डाव आला. दगडूवरचा आकडा होता बारा टक्के.

लागली.

दगडू पडला आणि खेळाच्या नियमाप्रमाणं दोन क्षणांत मैदानावरून दिसेनासा झाला. आबांचा उजवा हात पुढं आला, पडद्यासमोर हवेत काहीतरी उचलल्यासारखा झाला आणि सदऱ्याच्या खिशाकडं गेला. खिशावर थोडा वेळ तसाच राहिला.

आपण काय पाहिलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

पुढच्या दोन फेऱ्यांत आबांनी ठाणं घेतलं. पडद्यावर सोनेरी अक्षरं झळकली, विजय! तीन तारे. तुतारी वाजली. खाली दगडूच्या मोकळ्या जागेवर एक नवा चेहरा टपकन येऊन बसला.

“जिंकलात आबा! पहिल्याच झटक्यात! माझ्या ओळखीत कुणाला तीन तारे मिळाले नाहीत.”

आबांची नजर खालच्या चेहऱ्यांवर होती.

“दगडू कुठाय?”

“दगडू मेला ना.”

“ते बघितलं मी. कुठाय?”

मला प्रश्नच कळेना. “नाहीये, आबा. मेला की यादीतून जातो.”

“आणि ह्यो कोण?”

“हा नवा. त्याच्या जागी आलाय. खेळणाऱ्याचा खोळंबा नको म्हणून. हे बघा, मी गुणांत पहिलंच लिहिलंय...”

“त्येच्या जागी,” आबा म्हणाले.

मग त्यांनी पुन्हा एकदा तेच म्हटलं. “त्येच्या जागी...”

म्हाताऱ्याला वाईट वाटलंय, एवढं माझ्या लक्षात आलं. मी घाईघाईनं खालचं बटण दाखवलं. “अहो, त्यात काय एवढं! हे दाबलं की चाल मागं घेता येते. दाबा. दगडू उठून उभा राहील.”

आबांचं बोट बटणाकडं गेलं. सगळा वेळ ते बोट नुसतं दाखवत होतं, आता पहिल्यांदाच ते यंत्राला टेकायला निघालं होतं.  

“मग ती सात पोरं?”

“तीही मागं येतील. पुलावर.”

बोट हळूहळू मागं आलं.

“मग नगं,” ते म्हणाले. “पार केलंय त्येनं त्येंना.”

अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या.  शेवटी मीच विचारलं, “मग दुसरा डाव लावू का?”

“मोज.”

“काय मोजू?”

“आठ हायत का, मोज.”

आणि मला चिंचोके आठवले.

मला पहिला खेळ आबांनीच शिकवला होता. मारुतीच्या पारावर दगडात कोरलेला वाघ-बकरीचा पट आहे. तीन वाघ, पंधरा बकऱ्या. वाघ म्हणजे खडे, बकऱ्या म्हणजे चिंचोके. एकदा त्यांनी चालायचं, एकदा मी. माझा अख्खा धंदा त्या एका दगडातून निघाला, हे मी पुण्यात कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

वाघानं बकरी मारली की मी चिंचोका भिरकावून द्यायचो. आबा मात्र तो उचलून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. डाव संपला की म्हणायचे, मोज. पंधरा भरल्याशिवाय दुसरा डाव नाही. मी भिरकावलेला चिंचोका मला धुळीतून शोधून आणावा लागायचा.

“दुसरा घेतो की आबा, झाडाखाली ढीग पडलाय!” मी रडकुंडीला येऊन म्हणायचो.

“दुसरा नगं. त्योच.”

इतकं सगळं आठवूनही मी म्हणालो, “आठच आहेत आबा. मोजले.”

“नीट मोज,” आबा म्हणाले. त्यांनी माझा कागद उचलला, चार घड्या घालून माझ्या हातात दिला आणि उठून गोठ्याकडं गेले. सही नाही, काही नाही.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? मोटारसायकलवरून घाट उतरताना मी स्वतःशीच बडबडत होतो. एवढ्या लांबून आलो, चार वर्षांची मेहनत पुढ्यात ठेवली, आणि हा म्हातारा खेळायला बसला होता की हजेरी घ्यायला?

हजेरी घ्यायला.

मी गाडी बाजूला घेतली आणि रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून राहिलो.

पुण्यात पोचल्यावर दोघांना सगळं सांगितलं, खेळात काय बदलायचं तेही. केतन म्हणाला, “अरे, पण मध्येच खेळ थांबेल. लोक कंटाळतील.”  रुबीनानं कोपऱ्यातली नावं उचलून मोठ्या अक्षरांत प्रत्येकाच्या छातीवर आणली.

आज त्या खेळाचं बरं चाललंय. रुबीना नागपूरला जाते, पण दिवाळीला, आणि परत येते. कुणी खेळाचं कौतुक केलं की मी आबांचं नाव घेतो. त्यांनी मला दोन वेळा खेळ शिकवला आणि पहिल्या वेळी मी फक्त नियम शिकलो होतो. पण हे सगळं नंतरचं. तेव्हा आमच्या हातात नऊ दिवस उरले होते आणि बदललेला खेळ अजून कुणी खेळलेला नव्हता.

मी तो घेऊन पुन्हा गावी गेलो. या वेळी कागद नेला नाही.

“काय रं, परत आलास?”

“आलो. खेळता का?”

मोहीम तीच, पूल तोच. आबांनी आठ नावं वाचली. या वेळी चष्मा वर सारावा लागला नाही. मागं घ्यायचं बटण दिसेना, तेव्हा त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, पण विचारलं नाही. दगडूला त्यांनी वेगळ्या जागी ठेवलं, ओढ्याच्या काठाला, दगडाआड. दगडू वाचला. या वेळी गोविंदा पडला.

ठाणं घेतलं. तुतारी वाजली नाही, तारे आले नाहीत. सात जण पुलापाशी रांगेत उभे राहिले, मध्ये एका माणसाची जागा मोकळी ठेवून. तुकडीचा नायक एकेक नाव पुकारायला लागला.

“दगडू.”

“हजर.”

“सखाराम.”

“हजर.”

“गोविंदा.”

...

पडदा शांत राहिला. मग पुढचं नाव आलं.

आबांचा हात खिशावर होता.

“मदी किती येळ थांबतो त्यो?” त्यांनी विचारलं.

“तीन सेकंद.”

“कमी हायत.”

“मग किती करू, आबा?”

 ते पडद्यावरच्या त्या मोकळ्या जागेकडं बघत बसले. मी वाट पाहिली. गोठ्यात म्हैस एकदा हंबरली आणि गप्प झाली. मला वाटलं, त्यांना ऐकूच गेलं नसेल. पुन्हा विचारावं म्हणून मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांचे डोळे भरले होते, आणि मग माझेही भरले.

“येवढा येळ,” आबा म्हणाले.

मी मान हलवली. वाकून त्यांच्या पायाला हात लावला. पुष्कळ बोलायचं ठरवून आलो होतो, पारावरच्या पटाबद्दल, चिंचोक्यांबद्दल, पण त्यातलं एकही वाक्य बाहेर पडेना. “आबा, तुमचे उपकार...” एवढंच कसंबसं म्हणालो.

“असू दे, असू दे.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग पडद्याकडं बोट केलं. “पर आता खेळवत न्हाई रं ह्यो.”

 नऊ दिवस, रुबीनाचं सामान, केतनचा चेहरा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. बरोबरच होतं म्हणा त्यांचं. मी लॅपटॉप मिटायला हात पुढं केला.

आबांनी तो हात धरला.

“मिटतोस काय? दुसरा डाव लाव.”