धुरपाचं ठिगळ

या पाव्हणं, पुढं या. चपला जपून, इथं शेळ्यांचा राबता आहे. ही खोकडगावची गढी. आत आता दोन बाभळी आणि एक पडका हौद, बाकी काही नाही. हा वेशीकडचा तट मात्र जसाच्या तसा उभा आहे. खाली दगड, वर वीट. आता तुम्ही शिकलेली माणसं, मला एक सांगा. या तटात माणसाच्या उंचीचा एक तुकडा असा आहे की त्यात एकही वीट नाही. तो कुठला, दाखवा बघू.

मागं एक इंजिनियर साहेब आले होते. पाऊण तास निरखून त्यांनी बोट ठेवलं ते चांगल्या भाजलेल्या विटेवर. त्यांच्या बाईंनी दमून पाठ टेकली ती नेमकी त्या तुकड्याला, आणि आवाज आला ढब. साहेब गाडीत बसेपर्यंत बाईंशी बोलले नाहीत.

हा बघा तो. वर चुन्याचा गिलावा, त्यात विटांची भुकटी कालवलेली. गिलावा ओला असताना दोरी धरून तारेनं रेघा ओढल्या आणि रेघांत पांढरा चुना भरला. सगळी नक्कल. ही वीट भट्टीत जास्त भाजल्यागत काळपट, हिचा कोपरा उडालेला, आणि हिच्यावर कुत्र्याचं पाऊल. कच्च्या विटा वाळत घातल्या की गावचं कुत्रं त्यांच्यावरून जाणारच, हे करणाऱ्याला ठाऊक होतं. याला गावात धुरपाचं ठिगळ म्हणतात. ती हकिकत ऐकून काही जणांचं जेवण जात नाही, म्हणून मी आधी विचारतो, जेवून आलात ना?

फार मागची गोष्ट आहे. आमचे शाळेचे मास्तर तीनशे वर्षं म्हणतात. मास्तरांचं गणित गावाला ठाऊक आहे, म्हणून आपण दोनशे धरू. त्या वेळी गढीवर रायाजी पाटील होते. गढी पांढऱ्या मातीच्या टेकाडावर, आणि हा तट त्या टेकाडाला टेकू दिल्यासारखा. तट बांधला की दरसाल हस्ताच्या पावसात पडायचा. आधी त्याला पोट सुटायचं, मग एके दिवशी दुपारी धाडकन खाली. तीन वर्षं बांधला, तीन वर्षं पडला. तिसऱ्या वर्षी खाली दोन बैल आणि एक गडी गेला, असं सांगतात.

बांधणारा म्हाकू गवंडी. त्यानं पाटलांना हात जोडून सांगितलं, "पांढरी माती पाणी पिती, पाटील. मागं पाणी कोंडतंय. त्याला वाट ठिवू."

पाटील म्हणाले, "तटाला भोकं ठिवू? मग तट कशाला, चाळणच बांध की. तू थापी धर. अक्कल आमच्याकडं हाय."

ती अक्कल पाटलांनी देवरुष्याकडून आणली. भिवा देवरुषी त्याचं नाव. तो घुमला आणि म्हणाला, भिंत सवाष्ण मागतीय. पाटलाच्या घरची, जिती. ती आत उभी राहिली तर भिंत उभी राहील.

गाव हबकलं. पण हबकलेलं गाव फार वेळ हबकलेलं राहत नाही. दुसऱ्या दिवशी पारावर बोलणं एवढंच राहिलं होतं की तिघी सुनांपैकी कोण. देवापुढं कौल लावला. तीन सुनांच्या नावानं दगडाच्या देवाला तीन कळ्या चिकटवल्या. जिची पडेल ती. मधल्या सुनेची, धुरपाची, पडली. धुरपा कामाला वाघ आणि बोलायला त्याहून वाघ. सासूला रोज दोन शब्द फिरवून द्यायची. कळ्या चिकटवायला ओलं गंध उगाळून दिलं होतं तिच्या सासूनं, पाटलीणबाईंनी. कुठली कळी किती ओली होती ते देवाला ठाऊक. मी काही म्हणत नाही.

धुरपाचा नवरा काय म्हणाला, असं पाव्हण्या बायका हमखास विचारतात. तो खाली बघत होता म्हणे. खाली काय होतं ते कुणी सांगत नाही.

म्हाकूला हुकूम आला, तटात एक माणूस उभं राहील एवढी देवळी ठेव आणि हस्त लागायच्या आदल्या दिवशी बुजव. नाही म्हणशील तर तुझी बायको सवाष्णच आहे. म्हाकू घरी गेला. त्याची बायको गोजरा. दोघं भाकरी पुढं घेऊन बसली आणि भाकरी तशीच राहिली. मग गोजरा म्हणाली, "तुम्ही कुडाच्या घरास्नी विटांचा मुखवटा करता. त्यो इथं न्हाई का चालायचा?"

तेव्हा ज्यांना वीट परवडायची नाही ते तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, कुडाला चुना लावून त्यावर विटा रेघून घ्यायचे. गरिबाची हौस. म्हाकूचा त्यात हात बसलेला. पण ओसरीवर रेघा मारणं वेगळं आणि साऱ्या गावासमोर, उजेडी, जित्या बाईपुढं विटांच्या जागी तुराट्या उभ्या करणं वेगळं. गाव बघत असताना हे जमणार कसं?

तर गाव बघतच नव्हतं. इथंच आमच्या गावाची सगळी शहाणी माणसं फसली. अशा वेळची रीतच होती की बळी बुजवताना कुणी तिकडं बघायचं नाही. जो बघेल त्याचा नंबर पुढचा, असं भिवा देवरुष्याच्या बापजाद्यांनी सांगून ठेवलेलं. शिवाय बघायचं कुणाला होतं? रीत नसती तरी पाठ फिरवलीच असती. रीत होती म्हणून लाज वाटली नाही.

त्या दिवशी धुरपाला नवं लुगडं नेसवलं, ओटी भरली, कपाळ भरून कुंकू लावलं. वाजंत्री होती. ती रडली नाही, असं सांगतात. तिनं फक्त सगळ्यांच्या तोंडाकडं एकेकदा बघितलं आणि देवळीत जाऊन उभी राहिली. मग ताशा थांबला आणि सगळं गाव, पाटील, पाटलीणबाई, नवरा, देवरुषी, पोरंसोरं, एकदम वळलं. तिला पाचशे पाठी दिसल्या.

मागं काम सुरू झालं. गावाला ऐकू येत होती थापीची खरखर आणि विटेवर वीट बसल्याचा आवाज. तो आवाज गोजरा काढत होती. दोन विटा हातात घेऊन एकीवर एक आपटत होती. चुन्याच्या पाट्यांखाली विणून ठेवलेला तुराट्यांचा कूड म्हाकूनं उचलला आणि देवळीला लावला. देवळीच्या पाठीला तर त्यानं आधीच चुना घातला नव्हता, नुसते दगड रचले होते.

आत धुरपानं डोळे मिटून घेतले होते. अंधार पडायची वाट बघत होती. अंधार पडेना म्हणून तिनं डोळे उघडले, तर समोर तुराट्या, आणि तुराट्यांच्या फटीतून ऊन. मग बाहेरनं ओला चुना चढत गेला आणि ऊन बुजत गेलं, पण गळ्याएवढ्या उंचीवर एक फट उघडी राहिली. त्या फटीतून एक बोट आत आलं. बोटावर गुळाचा खडा. चुन्यात घालायला आणलेल्या गुळातला. गोजराचा आवाज आला, अगदी हळू, "खा. आन माणसं गेली की खांदा लाव. लई जोर लावू नगंस, पडशील."

धुरपानं मागच्या दगडाला पाठ टेकली ती तेव्हा म्हणे. मरायला उभी होती तोवर ताठ होती.

म्हाकूनं ती फट विटेच्या उडालेल्या कोपऱ्यागत दिसेलशी केली, शेवटची रेघ ओढली आणि हाक दिली. गाव वळलं. समोर विटांची भिंत, सांध्याला सांधा, जशी वर तशीच खाली. कुत्र्याचं पाऊलसुद्धा. एका म्हातारीला भोवळ आली. पाटलीणबाई कुंकवाचा हात उठवायला पुढं झाल्या. चुना ओला, हात टेकला असता तर कोपरापर्यंत आत गेला असता आणि आतल्या सुनेच्या हातात हात पडला असता. म्हाकू आडवा झाला. म्हणाला, "पाटलीणबाई, ओली हाय तवर भूक हाय तिला. आत्ता जो हात लावील त्येला वढून घील." पाटलीणबाईंनी कुंकू लांबूनच फेकलं आणि पदर आवळून घरी गेल्या. त्यांच्यामागं सगळेच. तेरा दिवस या वाटेला कुत्रंही फिरकलं नाही.

ऊन कलायच्या आत धुरपा म्हाकूच्या घरात होती आणि गोजरानं भोक लिंपून त्यावर नव्यानं रेघा ओढल्या होत्या. कुत्र्याचं पाऊल काढायला तिनं चार बोटं टेकवली. तेव्हापासून ते पाऊल बायकांच्याच बोटांचं, म्हणून जरा बायकी आहे, नीट बघा.

म्हाकू म्हणाला, उद्या पहाटे निघ, माहेर गाठ. धुरपा निघेना. म्हणाली, "मी पळाले आन तट पडला, तर माझ्या धाकट्या जावंला घालतील. तट राहतोय का बघू दे. राहिला तर मी जिती. न्हाई राहिला तर मी हाय म्हणून सांगायला येते." आता तिच्या जिवाची गाठ या तटाशी पडली होती ती अशी. हस्त लागला. आभाळ फाटल्यागत पाऊस. म्हाकूच्या घरात तिघं जण रोज कान देऊन बसायचे, धाड होतंय का.

दहाव्याला पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून राहिले, एकही शिवेना. पाटलांनी देवाला पाच नारळ कबूल केले. नवऱ्यानं सांगितलं, तुझे दागिने दुसरीच्या अंगावर घालणार नाही. कावळा हलेना. पाटलीणबाईंना पुढं ढकललं, त्या बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "चुकलं माझं." तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. गोजरा हे सगळं ऐकून आली आणि तिनं घरी सांगितलं, तेव्हा धुरपा पहिल्यांदा हसली आणि मग तोंडात पदर कोंबून रडली.

तेराव्या दिवशी पाऊस उघडला. तट उभा. तिनं स्वतः येऊन बघितला, वरून खालपर्यंत. मग तशीच पाटलाच्या घरी गेली.

पंगत बसलेली होती. पाटलीणबाई तूप वाढत होत्या. मधल्या मुलासाठी पलीकडच्या गावातलं स्थळ आलंय, मुलगी मऊ स्वभावाची आहे, असं बोलणं चाललं होतं. धुरपा आली, पंगतीच्या टोकाला मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मला वाढा."

तुपाची वाटी पाटलीणबाईंच्या हातातून सुटली. सारी पंगत घास हातात धरून थिजली. एकाचा घास तोंडात होता, तो तसाच राहिला, गिळता येईना, टाकता येईना. नवरा उठून पळाला तो गोठ्यात जाऊन बैलाच्या मागं उभा राहिला. भिवा देवरुष्याची बोबडी वळली, तो कसाबसा म्हणाला, "पाय... पाय बघा हिचे." पाय सरळ होते. चिखलानं भरलेले होते. वाढायला कुणी उठेना, तेव्हा धुरपानं शेजारच्याचं पान ओढलं आणि खायला लागली. तेरा दिवस गवंड्याच्या घरची कण्या-भाकरी खाल्लेली बाई. पोळी किती खाल्ली ते मोजायची कुणाची छाती झाली नाही.

मग सगळे इथं तटाकडं आले. धुरपा पुढं, गाव मागं, अंतर राखून. ठिगळाच्या खालच्या बाजूनं पाणी झिरपत होतं, बारीक धार लागली होती. तिनं गावासमोर खांदा लावला. विटा आत गेल्या. चुना, तुराट्या, आत रिकामी देवळी आणि तिच्या पाठीच्या दगडांतून गळणारं पाणी. पाटलांनी एक पडलेली वीट उचलली, तर ती हातात भुगा झाली. म्हाकू म्हणाला, "तटाला माणूस नको हुतं, पाटील. पाण्याला वाट हवी हुती."

मग भिवा देवरुषी, त्याचंही पोट या धंद्यावर, अंग सावरत म्हणाला की भिंतीला कबूल केलेलं माणूस परत घेतलं तर गावाला बरं नाही; अजून हस्ताचा शेवटचा चरण बाकी आहे. दोन-चार माना हलल्या. जित्या बाईपुढं पुन्हा तोच विचार चालला होता.

धुरपा देवळीत शिरली. पाठ लावून उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "घाला. पण या खेपंला तोंडं हिकडं करा. एकानंबी वळायचं न्हाई. मामंजी, तुम्ही हितं म्होरं या. सासूबाई, तुम्ही त्येंच्या शेजारी. आन म्हाकूदादा, तू न्हाई. पहिली वीट ह्यो माझा नवरा ठिवील. त्येला गोठ्यातनं आणा."

म्हणे तसंच उभं राहिलं गाव. बराच वेळ. धुरपा एकेकाकडं बघत होती, आणि ज्याच्याकडं बघायची त्याला खाली बघता येईना. पाटलीणबाई आधी बसल्या. मग पाटलांनी पागोटं काढून काखेत धरलं. वीट कुणी उचलली नाही.

ती बाहेर आली. नवऱ्याच्या घरी गेली नाही. म्हाकूच्या शेजारी छप्पर घालून राहिली आणि गोजराकडून रेघा ओढायचं शिकली. फुटलेलं ठिगळ तिनंच पुन्हा भरलं. पिढ्यान्‌पिढ्या गवंड्यांच्या बायका ते सारवत, रेघत आल्या आहेत, म्हणून ते अजून आहे आणि पाणी अजून झिरपतं. भिवा देवरुष्याचं काय झालं ते कुणी सांगत नाही. त्याच्या वंशातले काही इथंच राहतात, मी त्यांच्याकडं बघून बोललो का? नाही बोललो.

आजही खोकडगावात कुणी घर बांधलं, पत्र्याचं असो की स्लॅबचं, तर दर्शनी भिंतीवर चुन्याचा एवढा एक तुकडा विटांच्या रेघांचा करतात. आणि आजही गवंडी तो करत असताना घरातलं कुणी पाठ फिरवत नाही. फोन आला तरी, दूध उतू गेलं तरी. सगळं घर भिंतीपुढं ओळीनं बसतं, गवंड्याच्या हाताकडं बघत, शेवटची रेघ पडेपर्यंत. कुणी हसत नाही, बोलत नाही. सासू सगळ्यांत पुढं बसते, आणि सून तिच्या मागं.